कोल्हापूर पाहताना खासगी गाइड घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्ट्या लागल्या की कोल्हापूरकरांच्या घरी पुण्या-मुंबईहून, नागपूरहून, बेळगावहून फोन येऊ लागतात. राहण्या-जेवणाची चौकशी झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "गाइड करावा का हो?" पाहुण्यांना शहर दाखवताना, आणि काही वेळा त्यांच्यासाठी गाइड ठरवून स्वतःही त्याच्या मागे फिरताना, जे लक्षात आले ते येथे प्रश्नोत्तरांच्या रूपात मांडले आहे.

दोन दिवसांच्या मुक्कामात पूर्ण वेळ गाइड सोबत असावा का?

बहुधा त्याची गरज पडत नाही. अंबाबाईचे मंदिर, भवानी मंडप, महाद्वार रोड, गुजरी, बिनखांबी गणेश हा जुन्या कोल्हापूरचा गाभा पायी सहज फिरता येईल इतका आटोपशीर आहे. वाट चुकलीच, तर पानाच्या टपरीवर विचारावे. सांगणारा माणूस हात दाखवून थांबेलच असे नाही, पुष्कळदा कोपऱ्यापर्यंत सोबत येतो. नुसती वाट दाखवण्यासाठी या शहरात पैसे मोजावे लागू नयेत.

गाइडचे पैसे वसूल होतात ते जेथे दगड समोर असतो, पण त्याची हकिकत फलकावर मावलेली नसते अशा जागी. पन्हाळा, खिद्रापूर आणि शाहू महाराजांच्या काळातले कोल्हापूर या माझ्या मते अशा तीन जागा आहेत. यांपैकी जिला वेळ द्यायचा असेल तिच्यापुरता, अर्ध्या दिवसासाठी, त्या जागेचा जाणकार गाइड घ्यावा आणि उरलेला वेळ आपल्या पायांनी आणि आपल्या कुतूहलाने फिरावे. एकच माणूस गडही सांगेल, मूर्तिशास्त्रही सांगेल आणि संस्थानी राजकारणही सांगेल, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे.

अंबाबाईच्या दर्शनासाठी गाइडची मदत होते का?

दर्शनासाठी होत नाही; मंदिर पाहण्यासाठी होऊ शकते. या दोन गोष्टींची गल्लत करून पुष्कळ लोक पैसे घालवतात.

दर्शन रांगेतूनच होते. मंगळवारी, शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी आणि नवरात्रात ही रांग लांबते, यावर कोणा गाइडकडे इलाज नसतो. "रांगेत न थांबता दर्शन करून देतो" असे सांगत कोणी मंदिराच्या आसपास जवळ आले, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा आणि पूजा, अभिषेक किंवा दर्शनाविषयी जे विचारायचे असेल ते मंदिराचे व्यवस्थापन पाहणाऱ्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या कार्यालयात विचारावे.

मंदिराची वास्तू मात्र घाईत पाहण्याची नाही. दर्शन झाले की बहुतेक माणसे प्रसाद घेऊन महाद्वारातून बाहेर पडतात आणि काळ्या दगडाच्या बाह्य भिंतीवरच्या सुरसुंदरींकडे मान वर करूनही पाहत नाहीत. देवी पश्चिमाभिमुख का, मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला, तसेच ९, १० आणि ११ नोव्हेंबरला अनुक्रमे चरणांवर, छातीवर आणि मुखावर कसे पडतात, आणि वाटेत नवे बांधकाम आले किंवा ढग आले की किरणोत्सव का अपुरा राहतो, हे समजावून सांगणारा कोणी असेल, तर त्याच्यासोबत मंदिराभोवती अर्धा तास काढणे सार्थकी लागते. त्यासाठी पहाटेची वेळ उत्तम. गर्दीत ना गाइडचा आवाज पोचतो, ना भिंत दिसते.

गाइड सांगतात त्या कथा खऱ्या मानाव्यात का?

कथा म्हणून ऐकाव्यात, पण इतिहास म्हणून लिहून घेऊ नयेत. कोल्हापुरात ही सावधगिरी विशेष हवी, कारण येथे एकाच देवीविषयी दोन समजुती शेजारी शेजारी नांदतात.

तिरुपतीच्या बालाजीवर रुसून लक्ष्मी करवीरला, म्हणजे कोल्हापूरला, येऊन राहिली, ही कथा तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवली जाईल. आंध्र-तेलंगणातून येणाऱ्या भाविकांसाठी ती श्रद्धेची बाब आहे, आणि नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून अंबाबाईला शालूही येतो. दुसरीकडे, कोल्हापुरातले अनेक अभ्यासक आणि भाविक मूर्तीकडे बोट दाखवतात: हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर नाग आणि लिंग, पाठीशी सिंह. ही लक्षणे विष्णुपत्नीपेक्षा स्वतंत्र आदिशक्तीची आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे. 'महालक्ष्मी' म्हणावे की 'अंबाबाई', यावरून शहरात वाद झडले आहेत आणि अजूनही एखाद्या चौकात हा विषय काढला तर चहा गार होईपर्यंत तो संपत नाही.

मंदिराचे खांब मोजता येत नाहीत अशा चमत्काराच्या गोष्टी रंगवणारा गाइड आणि "अशी आख्यायिका आहे, मूर्ती मात्र असे सांगते" असे म्हणणारा गाइड, यांच्यात निवड करायची झाली तर दुसरा घ्यावा, मग तो थोडा कमी बोलका असला तरी चालेल. पारख करण्यासाठी मी एक साधा प्रश्न विचारतो: "हे आपण कशावरून म्हणता?" ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्यासोबत दिवस काढणे अवघड जाते.

पन्हाळ्यावर गाइड घ्यावाच का?

एकच जागा निवडायची झाली, तर मी पन्हाळा निवडेन. कोल्हापूरपासून सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या या गडावर डांबरी रस्ते, हॉटेले, बंगले आणि वसलेले गाव असल्यामुळे, गाडीतून फिरणाऱ्याला तो गड न वाटता थंड हवेचे ठिकाण वाटतो. तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी असे फलक वाचत, प्रत्येक ठिकाणी छायाचित्र काढत दीड तासात खाली उतरलेली कितीतरी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांना गडाचा माथा दिसला, गड मात्र दिसला नाही.

गड म्हणजे येथे डावपेचांचा नकाशा आहे. १६६० च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने वेढा घातला आणि जुलैच्या ऐन पावसात शिवाजी महाराज त्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, ही हकिकत प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. पण महाराज ज्या वाटेने गडाबाहेर पडले त्या राजदिंडीपाशी उभे राहून खालच्या झाडीकडे बोट दाखवत, वेढ्याची चौकी कोठे असेल, पावसाने कोणती वाट झाकली असेल आणि गडाच्या पायथ्याच्या नेबापूरचा शिवा काशीद कोणत्या जोखमीवर दुसऱ्या पालखीत बसला असेल, हे कोणी सांगू लागले की पाठ असलेली गोष्ट पहिल्यांदा कळते. घोडखिंडीतल्या, म्हणजे आजच्या पावनखिंडीतल्या, बाजीप्रभूंच्या लढ्याचे अंतरही तेथेच उमजते, कारण ती खिंड गडावरून डोळ्यांना दिसण्याइतकी जवळ नाही.

अंधारबावीचेही तसेच आहे. वरून ती काळ्या दगडाची बसकी इमारत वाटते. आत तळाला पाणी, मधल्या मजल्यावर पहाऱ्याची सोय आणि तटाबाहेर निघण्याची वाट, हे दाखवणारा सोबत नसेल तर माणूस "अंधार आहे" एवढेच म्हणून बाहेर येतो. शिलाहार राजा दुसरा भोज, आदिलशाही, मराठे आणि १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी केलेली मोडतोड, असे थर या गडावर एकावर एक आहेत. चार दरवाजा आज का दिसत नाही, याचे उत्तर त्यांतल्या शेवटच्या थरात आहे. कोंडाजी फर्जंदाने १६७३ मध्ये अवघ्या साठ माणसांनिशी गड परत घेतला, ती बाजूही विचारून घ्यावी. वेढ्याच्या कथेपुढे ती बरेचदा सांगायची राहून जाते.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत पन्हाळा आहे. तेव्हापासून चौकशी वाढली आहे, म्हणून शनिवार-रविवारी येणार असाल तर गाइड आधीच फोनवरून ठरवावा.

खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर गाइडशिवाय कळेल का?

डोळ्यांना सुख मिळेल, अर्थ मात्र अर्धाच लागेल. कृष्णेच्या काठावरच्या या शिलाहारकालीन मंदिरासाठी कोल्हापूरहून साठेक किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. तेथे पोचल्यावर छत नसलेला स्वर्गमंडप, त्याचे ४८ खांब, वरच्या गोल झरोक्याच्या बरोबर खाली बसवलेली गोल शिला आणि पाठीवर मंदिर तोलणारे हत्ती पाहून कोणीही थक्क होतो. पण समोर नंदी का नाही, गाभाऱ्यात कोपेश्वरासोबत धोपेश्वर म्हणजे विष्णू का, देवगिरीच्या सिंघण यादवाचा शिलालेख येथे काय करतो, हत्तींची तोंडे फुटलेली का, हे प्रश्न मनात येतात आणि उत्तराअभावी तसेच परत येतात.

एक अनुभव सांगतो. पुण्याच्या मावशींना घेऊन गेलो होतो तेव्हा एका गाइडने पंधरा मिनिटांत पाठ केलेले भाषण संपवले. मावशींनी एका शिल्पाकडे बोट दाखवून "ही कोण?" असे विचारले, तेव्हा त्याला पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागली. त्या दिवसापासून मी ठरवताना आधीच सांगतो की, आम्हाला भाषण नको, आम्ही थांबू तेथे तुम्ही थांबा. जो हे मान्य करतो तोच बरोबर नेतो.

गावातच जैन मंदिरही आहे; तेही पाहण्याजोगे आहे आणि बहुतेक गाड्या त्याच्यासमोरून न थांबता जातात.

नवा राजवाडा आणि टाऊन हॉल संग्रहालयासाठी?

तेथे गाइड नसला तरी चालते, कारण वस्तूंपुढे नावे आहेत आणि चालायचा मार्ग ठरलेला आहे. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवून आत जावे. पहिली, १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला नवा राजवाडा आणि त्याआधीचा टाऊन हॉल या दोन्ही इमारती मेजर चार्ल्स मँट या एकाच वास्तुरचनाकाराच्या आहेत, तेव्हा त्या एकाच दिवशी पाहिल्यास त्यांतला फरक बोलका ठरतो. दुसरी, टाऊन हॉलमध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती आहे. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडली. समुद्रापासून इतक्या आत ती कशी आली, याचे उत्तर प्राचीन रोमशी चालणाऱ्या व्यापारात आहे. लोक तलवारी पाहण्याच्या नादात तिच्यापुढून निघून जातात. शासकीय संग्रहालये सोमवारी बंद असतात.

शाहू महाराजांचे कोल्हापूर म्हणजे नेमके काय, आणि ते गाइडशिवाय का दिसत नाही?

कारण ते एका कुंपणात नाही. ज्या राजाने २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या समाजांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, त्याचे काम चौकाचौकांत विखुरलेले आहे: दसरा चौकाच्या आसपासची निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे, खासबाग मैदान, हत्तींच्या खेळाची साठमारी, कसबा बावड्यातले जन्मस्थान असलेला लक्ष्मी विलास पॅलेस, आणि शहराबाहेर राधानगरीचे धरण.

बोर्डिंग म्हणजे पाहुण्याच्या नजरेला जुनी इमारत, वाळत घातलेले कपडे आणि सायकली. ती जैन बोर्डिंग आहे, ही मुस्लिम बोर्डिंग आहे, आणि खेड्यातले पोर शहरात शिकायला आले तर राहायला छप्पर असावे म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ती उभी राहत गेली, हे सांगितल्यावर तोच चौक वेगळा दिसतो. गंगाराम कांबळे यांनी काढलेल्या हॉटेलात महाराज स्वतः जाऊन चहा घेत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावत, ही गोष्ट शहराच्या रस्त्यावर उभे राहून ऐकण्यात जे आहे ते पुस्तकात नाही.

खासबाग मैदानही रिकामे असताना पाहिले तर मोठा खळगा वाटते. रोमचे कलोझियम पाहून आलेल्या महाराजांनी ते वाडग्याच्या आकाराचे करून घेतले, म्हणून कोठेही बसले तरी मधला हौद, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, दिसतो. कुस्तीची मैदाने पाहून पाहून केस पिकलेले एखादे वस्ताद भेटले तर गाइड आणि पैसे दोन्ही विसरावेत. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत पहाटेचा सराव पाहायचा असेल तर आधी विचारून, चप्पल बाहेर काढून जावे, आणि हौदात उतरू नये. तेवढी रीत पाळली की कोणी हटकत नाही.

या विषयासाठी व्यावसायिक गाइडपेक्षा इतिहासाचे प्राध्यापक, जुने कार्यकर्ते किंवा वारसा फेरी काढणाऱ्या स्थानिक संस्था अधिक उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे.

रिक्षावाला किंवा गाडीचा चालकच "मी सगळे दाखवतो" म्हणाला तर?

वाहतुकीसाठी आनंदाने हो म्हणावे. कोल्हापूरचा रिक्षावाला शहराच्या चालू घडामोडी, कुस्ती आणि पेठांचा फुटबॉल या तीन विषयांवर जे सांगेल ते कोणताही गाइड सांगणार नाही. फक्त भाडे कोणत्या ठिकाणांचे, किती वेळाचे आणि थांबण्याचे पैसे त्यात धरले आहेत का, हे बसण्याआधी स्पष्ट करून घ्यावे. मंदिराची मूर्ती किंवा गडाचा इतिहास यांसाठी मात्र त्याच्यावर भिस्त ठेवू नये. तो गाडीजवळ थांबतो, तुमच्यासोबत तटावर येत नाही.

गाइड अधिकृत आहे हे कसे ओळखावे?

ओळखपत्र मागावे आणि ते कोणी दिले आहे हे वाचावे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचे परवानाधारक प्रादेशिक गाइड असतात, त्याच मंत्रालयाचा 'इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर' हा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केलेले असतात, आणि राज्याच्या पर्यटन विभागाच्या प्रशिक्षणातून तयार झालेले स्थानिकही असतात. ओळखपत्र असणे म्हणजे ज्ञान असणे नव्हे, आणि पन्हाळ्यावर पिढ्यानपिढ्या राहणारा एखादा बिगरपरवाना म्हातारा गडाची एकेक पायरी जाणतो, हेही खरे. तरीही अनोळखी माणसासोबत दिवसभर फिरायचे असेल, विशेषतः सोबत कोणी नसेल, तर परवानाधारक बरा. तक्रार करण्याची वेळ आलीच तर कोणाकडे करायची हे तरी ठाऊक असते.

पैसे कसे ठरवावेत?

आधी, आकड्यात आणि माणशी की गटासाठी हे विचारून. "तुम्ही द्याल ते द्या" हे ऐकायला गोड वाटते, पण शेवटी दोन्ही बाजू नाराज होतात. गाइडचे जेवण, गाडीतली जागा, प्रवेशशुल्क आणि वाहनतळाचे पैसे कोणाकडे, हेही त्याच वेळी ठरवावे. चार-पाच जणांच्या कुटुंबाला गाइडचा खर्च जाणवत नाही. एकट्याने येणाऱ्याने वसतिगृहात किंवा लॉजवर अजून कोणी सोबतीला मिळते का ते पाहावे.

चप्पल, साज आणि गूळ घ्यायला गाइडला बरोबर न्यावे का?

नेऊ नये. कमिशनचा व्यवहार सगळीकडे चालतो आणि त्यात एकट्या गाइडचा दोष धरण्यात अर्थ नाही, पण तो तुमच्या खिशातून जातो. शिवाजी चौक आणि भवानी मंडपाच्या आसपासच्या चप्पल लाइनमध्ये दोन-चार दुकाने स्वतः फिरावीत, कापशी आणि कुरुंदवाडी या चपलांच्या प्रकारांतला फरक दुकानदाराकडूनच समजून घ्यावा आणि चामडे हातात घेऊन वाकवून पाहावे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे आहेत. तेव्हा "खरी फक्त आमच्याच दुकानात" हे वाक्य ऐकले की हसून पुढे जावे. साज आणि ठुशीसाठी गुजरीत जावे, पावती घ्यावी.

खाण्यासाठी जाणकार सोबत हवा का?

नको. मिसळ, तांबडा-पांढरा आणि गंगावेशीतले धारोष्ण दूध यांचे पत्ते सांगायला सारे गाव तयार असते. फक्त मिसळीचा कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मागून घ्यावा.

घरात वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील तर?

अशा वेळी गाइडपेक्षा चांगली गाडी आणि सावकाश चालणारा चालक यांवर खर्च करावा. मुलांना पन्हाळ्यावर गोष्ट सांगणारा मिळाला तर मात्र ती दिवसभर विचारत राहतात.

पावसाळ्यात येत असू तर उत्तर बदलते का?

बदलते. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णा पात्राबाहेर येतात, तेव्हा नृसिंहवाडी आणि खिद्रापूरकडचे रस्ते पाण्याखाली जाऊ शकतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर हे नव्याने सांगायला नको. पन्हाळ्याचा घाटही २०२१ च्या जुलैमध्ये खचला होता. या दिवसांत स्थानिक माणसाचा खरा उपयोग सकाळी फोनवर होतो: पाणी कोठवर आले आहे, कोणता पूल बंद आहे, आज निघावे की नाही. पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे चालत जाण्याचा बेत असेल तर धुक्यात आणि चिखलात वाट माहीत असलेला सोबती घेतल्याशिवाय मुळीच निघू नये.

मराठी न येणाऱ्या पाहुण्यांसाठी काय करावे?

त्यांच्यासाठी गाइडची गरज नक्कीच वाढते. कन्नड आणि हिंदी बोलणारे सहज मिळतात. इंग्रजीत मूर्तिशास्त्र सांगू शकणारा शोधायला वेळ लागतो, म्हणून किमान आठवडाभर आधी चौकशी करावी. फोनवर पाच मिनिटे त्याच भाषेत बोलून पाहावे. दुभाषा म्हणून तुम्ही स्वतः मध्ये उभे राहणार असाल, तर हे काम दमवणारे आहे आणि त्यात तुमचा स्वतःचा गड पाहायचा राहून जातो.

गाइड अर्ध्या वाटेत पसंत पडला नाही तर?

ठरलेले पैसे द्यावेत, आभार मानावेत आणि "आता आम्ही थोडे निवांत बसतो" असे सांगून मोकळे व्हावे. तीन दरवाजाच्या सावलीत बसायला भरपूर जागा आहे, आणि तेथला फारसी शिलालेख वाचता आला नाही तरी अक्षरांची कोरणी पाहण्यात अर्धा तास सहज जातो.